बेचाळीस कलमांचे बिल्ले

कृषी महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि त्या उन्हाळ्यात मी नागपुरात संत्र्याच्या एका संशोधन बागेत दोन महिने काम शिकायला गेले. सत्तरचं दशक अर्धं सरत आलं होतं. आमच्या वर्गात मुली दोनच. त्या बागेत उन्हाळी प्रशिक्षणाला मुलगी घेण्याची पद्धतच नव्हती. कार्यालयातल्या मोठ्या बाबूंनी माझा अर्ज दोनदा परत पाठवला. मे महिन्याच्या उन्हात मुलीला काही झालं तर जबाबदार कोण, असं त्यांचं म्हणणं. शेवटी बागेतल्या रोपवाटिकेचं संशोधन बघणारे सर मध्ये पडले. मुलगी माझ्या जबाबदारीवर राहील, असं त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात लिहून सही केली.

हे सांगायचं कारण, पुढे मी जे केलं त्यात त्या सहीचा वाटा मोठा आहे. निदान तेव्हा मी स्वतःला तसं समजावत होते.

सर पन्नाशीचे, बारीक अंगाचे. डोक्याला ओला पंचा गुंडाळून फिरायचे आणि झाडाजवळ गेल्याशिवाय बोलायला सुरुवात करायचे नाहीत. त्यांचं काम साधं होतं, पण धीराचं. त्या वर्षांमध्ये संत्र्याच्या बागा डिंक्यानं जात होत्या. बुंध्याची साल फुटायची, डिंक वाहायचा आणि दोन-तीन वर्षांत उभं झाड वाळून जायचं. सर गावोगाव फिरून अशी म्हातारी झाडं शोधायचे, की ज्यांच्या शेजारची सगळी झाडं गेली पण ती मात्र उभी राहिली. त्यांच्या काड्या आणायच्या, त्यावरचे डोळे, म्हणजे कोंबाच्या कळ्या, जंबेरी लिंबाच्या रोपांच्या सालीत भरायचे आणि तयार झालेली कलमं शेतात लावून वर्षानुवर्षं बघायची.

मी गेले तेव्हा अशी बेचाळीस कलमं मातीच्या कुंड्यांमध्ये, तुराट्यांच्या मांडवाखाली होती. तीन गावांतल्या तीन झाडांची, प्रत्येकाची चौदा. पावसाळ्यात ती शेतात जायची होती. मांडवाचा एक कोपरा थंड, दुसरा तापणारा. म्हणून एकाच झाडाची कलमं एका जागी न ठेवता सरांनी चिठ्ठ्या टाकून ती मिसळून ठेवली होती. प्रत्येक कुंडीला तारेनं बांधलेला पत्र्याचा एक बिल्ला होता आणि त्यावर एक आकडा. कोणता आकडा कोणत्या झाडाचा हे फक्त वहीत. पानांवरून संत्र्याची दोन कलमं वेगळी ओळखता येत नाहीत, सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. बिल्ला हीच त्यांची ओळख.

माझं काम दर सोमवारी प्रत्येक कलमाची उंची आणि पानं मोजून वहीत लिहायचं. शिवाय मांडवात पाणी घालणारे माळीकाका होते, त्यांच्याकडून हाताचं काम शिकायचं. माळीकाका उमरेडजवळच्या खेड्यातले. शनिवारी एसटीनं गावी जायचे, सोमवारी सकाळी परत. डोळा भरताना त्यांचा चाकू सालीवरून असा फिरायचा की साल आपण होऊन बाजूला झाली असं वाटावं. मला ते बाई म्हणायचे आणि माझ्या हातून चार डोळे वाया गेले की पाचवा स्वतः भरून दाखवायचे, एक शब्द न बोलता.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी मला बिल्ले रंगवायला सांगितले. उन्हानं आकडे पुसट झाले होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सरांनी रीतही सांगितली. एका कुंडीचा बिल्ला काढायचा, रंगवायचा, त्याच कुंडीला बांधायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा.

पहिले दोन बिल्ले मी तसेच केले. ओला रंग हाताला लागला, तारेला लागला, आकडा फिसकटला. मला ते आवडलं नाही. सगळ्यांनी बघत राहावं असे बिल्ले मला करायचे होते. मी ते दोन सोडवले आणि मग सगळेच सोडवले. ज्या क्रमानं कुंड्या होत्या त्याच क्रमानं कार्यालयाच्या व्हरांड्याच्या कठड्यावर मांडले. जुना आकडा खालून दिसेल असा पातळ पांढरा हात दिला, तो सुकल्यावर काळ्या रंगानं आकडे काढले. एकेक आकडा छापल्यासारखा. अकरा वाजेपर्यंत बेचाळीस बिल्ले ओळीनं चमकत होते, आणि मी हात धुवायला विहिरीवर गेले.

मे महिन्यात नागपुरात दुपारच्या सुमाराला वावटळी उठतात. मी विहिरीवरूनच ती बघितली. कोरड्या वाफ्यांतून धूळ फिरत आली, व्हरांड्याच्या एका टोकाकडून शिरली आणि दुसऱ्या टोकानं बाहेर गेली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. मी धावत पोचले तेव्हा कठड्यावर एकही बिल्ला नव्हता. काही फरशीवर होते, काही अंगणात, दोन-तीन मेंदीच्या कुंपणात.

सर त्या दिवशी कामानिमित्त बाहेरगावी होते. माळीकाका धावून आले आणि आम्ही दोघांनी बिल्ले गोळा केले. बेचाळीसही सापडले. हरवलं काहीच नव्हतं, फक्त कोणता कोणाचा ते गेलं होतं.

कोणती कुंडी कुठे ठेवली हे वहीत नव्हतं, म्हणून दुपारभर मी सोमवारच्या मोजणीवरून जुळवत बसले. सर्वांत उंच कलम कोणतं, कोणाला नऊच पानं, कोणाची शेंड्याची पानं करपलेली. अठरा अशी जुळली की शंकाच उरली नाही. उरलेली चोवीस एकमेकांसारखीच होती. अर्ध्या बोटाचा फरक, एखाद्या पानाचा फरक. त्यांना मी अंदाजानं बिल्ले बांधले. पुढच्या सोमवारी मोजणीत दोन-तीन कलमं वहीप्रमाणे वाढण्याऐवजी आखूड झालेली निघाली. मी ते आकडे बदलून लिहिले. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

माळीकाकांनी बिल्ले बांधताना बघितलं होतं. वावटळीच्याच संध्याकाळी जाताना ते माझ्या सायकलीपाशी थांबले.

"बाई, सायबाले सांगून टाका. ते रागावतीन, पण सांगून टाका."

मी म्हटलं, सांगीन. पण तुम्ही सांगू नका.

"मी काहून सांगू? तुमचं काम हाय ते, तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सर आले. मांडवात शिरताच बिल्ल्यांपाशी थबकले, एक हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, वा. मोठ्या बाबूंना बोलावून दाखवले. मुलीला घेतलं म्हणून कटकट करत होतात ना, आता हे बघा, असं काहीसं म्हणाले. मी तिथेच उभी होते. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर सरांचीही फजिती झाली असती, असं मी मनाशी म्हटलं. आता वाटतं, सरांच्या फजितीची मला एवढी काळजी नव्हती. ते "वा" मला ठेवून घ्यायचं होतं. शिवाय पुढच्या शिक्षणासाठी त्यांचं शिफारसपत्र हवं होतं.

उद्या सांगू, परवा सांगू असं करता करता महिना गेला. माळीकाकांनी पुन्हा विषय काढला नाही. फक्त मांडवात मी आले की ते पाण्याची झारी घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊ लागले.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी एक बाई बागेत आल्या. साठीच्या आसपास, नऊवारी हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. काटोलच्या पुढच्या एका गावाहून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. सरांनी त्यांना लगेच ओळखलं. आमच्या तीन झाडांतलं एक त्यांच्या विहिरीवरचं होतं. सर त्याच झाडाबद्दल सगळ्यात जास्त बोलायचे. पाणी साचणाऱ्या जमिनीत, चारी बाजूंची झाडं मरून गेलेली असताना ते एकटं उभं होतं, आणि फळात बिया दोन किंवा तीन. दोन हिवाळ्यांपूर्वी सर काड्या आणायला गेले तेव्हा याच बाईंनी स्वतः शिडी धरली होती.

सरांनी त्यांना खुर्ची दिली. त्या व्हरांड्यात खालीच बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "झाड गेलं जी सायेब. चार दिसाआधी वावधन आलं, मुळासकट आडवं झालं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते झाड त्यांच्या सासूनं लावलेलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ते त्यांच्या खांद्याएवढं होतं. नवरा गेल्यावर शेत त्यांनीच केलं. मुलं म्हणायची, म्हातारं झाड तोडून टाक, त्यांनी तोडू दिलं नाही. बोलताना त्यांचा आवाज एकदाही ओला झाला नाही. शेवटी म्हणाल्या, तुम्ही काड्या नेल्या होत्या, त्यातलं एखादं मला द्या. आहे ना जिवंत?

"आहे तर," सर म्हणाले. "एक नाही, दोन देतो. तुमचीच आहेत ती."

त्यांनी वही उघडली, बाईंच्या झाडाच्या चौदा आकड्यांवरून बोट फिरवलं आणि उंची बघून दोन निवडले. मला ते आकडे सांगून म्हणाले, जा, घेऊन ये.

त्या चौदांतली पाच माझ्या खात्रीची होती. सरांनी निवडलेली दोन्ही त्या पाचांतली नव्हती.

मी मांडवात गेले. माळीकाका तिथेच होते. त्यांनी व्हरांड्यातलं बोलणं ऐकलं असावं, कारण मी कोणत्या कुंड्यांपाशी थांबते हे ते बघत राहिले. मी एक खात्रीचं कलम उचललं. ते किडकिडीत होतं, एका बाजूला झुकलेलं. ते घेऊन मी बाहेर आले आणि म्हटलं, सर, हे दिलं तर चालेल का?

सरांनी त्याच्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. एवढ्या लांबून आल्यात, त्यांना मरतुकडं काय म्हणून द्यायचं? सांगितलेले आकडे आण.

त्या वेळी मी खरं सांगू शकले असते. सर समोर, बाई समोर, मागे मांडवात माळीकाका. मी ते कलम परत नेऊन ठेवलं आणि सांगितलेल्या आकड्यांच्या दोन कुंड्या आणल्या.

बाईंनी दोन्ही कुंड्या मांडीशी घेतल्या. पानांवरून हात फिरवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूच सांभाळले का वं पोरी? लई चांगले सांभाळले." पिशवीत आणलेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. मी त्यांना सायकलवरून कुंड्या घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. रस्ताभर त्या झाडाबद्दलच बोलत होत्या आणि मी हं, हं करत होते. गाडी आली, कंडक्टरनं कुंड्या सीटखाली सरकवल्या. त्या खिडकीतून म्हणाल्या, फळं लागली की खायला ये.

प्रशिक्षण संपलं. सरांनी शिफारसपत्र दिलं. त्यात "अत्यंत काटेकोर" असे शब्द होते. मी एमएस्सी केलं, लग्न झालं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कृषी महाविद्यालयात फळबाग शिकवायला लागले. बरीच वर्षं मी त्या प्रकरणाचा विचार करायचं टाळलं, आणि कामाच्या धबडग्यात ते जमलंही. मग एका दुपारी ग्रंथालयात सरांच्या बागेचा अहवाल हाती आला. तीन झाडांच्या कलमांचे निष्कर्ष त्यात होते. त्या विहिरीवरच्या झाडाच्या वाणात काही विशेष आढळलं नाही, असं लिहिलं होतं. काही कलमं डिंक्याला टिकली, काही गेली. फळांतही सारखेपणा नाही. म्हणून तो वाण पुढील अभ्यासातून वगळण्यात येत आहे.

सारखेपणा नसणारच होता. मी ते पान तीनदा वाचलं आणि रजेचा अर्ज लिहिला.

सर तोवर निवृत्त होऊन नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहत होते. घरासमोर हातभर जागेत त्यांनी लिंबाची दोन झाडं लावली होती. मला बघून खूश झाले, आतून चहा मागवला. चहा येण्याआधीच मी सांगितलं. वावटळ, अठरा, चोवीस, बदललेले आकडे, त्या बाईंना दिलेल्या कुंड्या. मध्येच थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही म्हणून एका दमात सांगितलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "बिल्ले मेमध्ये मिसळले. झाड जूनमध्ये पडलं. मधला महिनाभर ते उभं होतं गं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन काड्या आणल्या असत्या. उन्हाळ्यात डोळे कमी लागतात, पण दहातले दोन तरी लागलेच असते."

हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. चूक वावटळीच्या दिवशी झाली आणि ती झाली ती झाली, असंच मी धरून चालले होते. ती चूक पुसता येण्याजोगी होती. महिनाभर रोज सकाळी मी त्या मांडवात जात होते आणि काटोलच्या पुढे ते झाड उभं होतं.

थोड्या वेळानं सरांनी विचारलं, माळ्याला माहीत होतं का? मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. कलमं शेतात लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांना शंका आली होती. कुंड्या उन्हासावलीत हलवताना माळ्यानंच अदलाबदल केली असणार, असं त्यांनी धरलं. चार माणसांसमोर त्याला बोलले. रोपवाटिकेतून काढून बांधांवरचं गवत काढायला लावलं. तो काही बोलला नाही, सर म्हणाले. निवृत्तीपर्यंत गवत काढत होता.

दुसऱ्या दिवशी मी उमरेडची एसटी पकडली. माळीकाकांचं गाव विचारत विचारत सापडलं, पण ते जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या सूनबाईंनी ओट्यावर बसायला पोतं टाकलं. मी बागेतली म्हटल्यावर त्यांनी आतून सासऱ्यांचा डोळे भरायचा चाकू आणून दाखवला. मी तो हातात घेतला आणि परत दिला. बागेबद्दल ते घरात काही बोलायचे का, असं विचारलं. नाही बोलायचे, त्या म्हणाल्या. त्या घरातलं माझं कामच संपल्यासारखं झालं. तरी मी बसून राहिले, त्यांनी दिलेलं ताक प्यायले आणि जे माळीकाकांना सांगायचं होतं ते सूनबाईंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. सांगून टाकलं तुमी, बरं केलं, असं म्हणाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आता याचं काय करायचं हे त्यांनाही सुचत नव्हतं.

काटोलकडे जायला मला आणखी दोन महिने लागले. डिसेंबर होता, आंबिया बहाराची संत्री उतरायचे दिवस. बाई होत्या. खूप वाकल्या होत्या, पण शेतावरच राहत होत्या. मी कोण ते सांगावं लागलं. सांगितल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि विहिरीकडे घेऊन गेल्या. दोन झाडं फळांनी लगडली होती. चांगली वाढलेली, तजेलदार. त्यांनी एक फळ तोडून सोललं आणि अर्धं मला दिलं.

गोड होतं. प्रत्येक फोडीत बिया होत्या.

"बिया लई हायेत," त्या म्हणाल्या. "त्या झाडाले नव्हत्या. चवही ते नाई वाटत. पह्यल्या वर्षी मले वाटलं, नवं झाड हाय, असंन. मंग दरसाल खाऊन पाह्यलं. मंग वाटलं, माह्यीच जीभ गेली. बुढापा आला. पोरं बी तसंच म्हणत, चांगलं तं गोड हाय, तुलेच चव नाई राह्यली."

मी फळ तसंच हातात धरून त्यांना सगळं सांगितलं.

त्या बांधावर बसल्या. विहिरीवर कुणी तरी मोटर सुरू केली, पाटात पाणी आलं. त्यांनी पाय थोडे बाजूला घेतले.

"माह्यी जीभ बरोबर होती तं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

"मंग तवा काहून नाई सांगतलं वं?"

रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी भीती म्हटलं, शिक्षण म्हटलं, सरांची सही म्हटलं. तिथे विहिरीवर, त्या दोन झाडांखाली, यातलं एकही कारण पुरं पडेना.

त्यांनी विचारलं, बाकीची कलमं कुठे आहेत? त्यात कुठं तरी असेलच ना आपलं झाड?

चौकशी मी आधीच करून आले होते. वाण वगळल्यावर तो तुकडा मोकळा केला होता. झाडं उपटून तिथे दुसरा प्रयोग घेतला होता. मी ते सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग उठून त्यांनी लुगड्याची माती झटकली आणि पाटाचं पाणी दुसऱ्या दांडात वळवायला गेल्या. मीही मागोमाग गेले. फावडं मला द्या म्हटलं, पण त्यांनी दिलं नाही. मी तिथे उभी राहून बघत होते. झाडांना पाणी पोचल्यावर त्या म्हणाल्या, चारची गाडी आहे, आत्ता निघालीस तर मिळेल.